हेड गेलेली स्विफ्ट: ठेवावी, विकावी, का खोलून पार्ट विकावेत?

पत्र (थोडं कमी करून):

"काका नमस्कार. मी केजचा. आमची २०११ ची स्विफ्ट डिझेल आहे, बाबांनी रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशातून २०१८ ला सेकंडहँड घेतली. १ लाख ८५ हजार किलोमीटर झालेत. मागच्या आठवड्यात बीडहून लग्नाहून येताना मांजरसुंब्याच्या घाटात गरम झाली, सहा माणसं आणि एसी चालू. काटा लालमध्ये गेला तरी वर ढाब्यापर्यंत नेऊ म्हणून दोन-अडीच किलोमीटर ओढली, मग बंद पडली. टोचन करून घरी आणली. पाणी तर कमी नव्हतं, बाबा दर रविवारी न चुकता बोअरचं पाणी टाकतात. मिस्त्री घरी येऊन बघून गेला, म्हणायलाय हेड गॅस्केट गेलं, हेड पण बेंड असणार, ४८ हजार लागतील, उघडल्यावर कमी-जास्त. एजंट आहे तशी ६५ हजारात मागायलाय, रोख. भंगारवाला २७ रुपये किलो म्हणतो. मेहुणा म्हणतो खोलून पार्ट विका, दीड लाख कुठं गेले नाहीत. गावात अशीच चालू गाडी दिवाळीत १ लाख ६० ला गेली. बायको म्हणते विका एकदाची. बाबा काहीच बोलत नाहीत, पण रोज सकाळी बंद गाडी पुसतात. आईला महिन्यातून दोनदा अंबाजोगाईला मेडिकल कॉलेजला न्यावं लागतं. त्यात जुलैमध्ये गाडीला १५ वर्षं होतात, शेजारी म्हणतात मग सरकार जमाच करतंय, खर्च कशाला. काय करू?"

भाऊ, सगळ्यात आधी मिस्त्रीला फोन लावा आणि सांगा की मी हो म्हणेपर्यंत हेडच्या बोल्टाला पाना लावू नको. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, आणि गॅस्केट म्हणजे ते आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली सील. पुढचं मग निवांत वाचा.

कारण असं आहे की न उघडलेल्या गाडीला गिऱ्हाईक असतं. ते येतं, बोनेट उचलतं, मनातल्या मनात म्हणतं की नुसतं गॅस्केटवर भागलं तर आपली चांदी, आणि त्या आशेवर चार पैसे जास्त लावतं. तीच गाडी हेड काढून, नटबोल्ट पेंटच्या डब्यात टाकून, पाइपांना चिंध्या कोंबून गॅरेजच्या कोपऱ्यात उभी राहिली की आशा संपली, मग ६५ वाला ३५ म्हणतो. वरून मिस्त्री म्हणतो माझी उघडायची मजुरी द्या आणि गाडी न्या. मग माणूस म्हणतो आता उघडलीच आहे तर होऊन जाऊ दे, आणि ४८ चे ९० कधी होतात ते कळत नाही. मी चिकलठाण्याला एसटीच्या वर्कशॉपमध्ये २६ वर्षं काढली, रिटायर झाल्यावर घराशेजारी शेड टाकून लोकांच्या गाड्या बघायला लागलो, आणि माणसं सगळ्यात जास्त कुठं अडकतात तर इथं, गाडी अर्धी उघडी असताना. तोवर त्यांचा निर्णय झालेला नसतो, निर्णय गाडीनंच घेऊन टाकलेला असतो.

तर न उघडता काय काय कळतं ते बघा. ऑइलची डिपस्टिक काढा, पांढऱ्या कागदावर पुसा. ऑइल काळं असेल तर बरं, चहात दूध घातल्यासारखं दिसलं तर पाणी ऑइलमध्ये गेलंय, आणि मग कोणीही स्टार्टर मारायचा नाही, कारण तसल्या ऑइलवर इंजिन फिरलं की बेअरिंग खाल्लीच म्हणून समजा. दुसरं, मिस्त्रीला सांगा क्रँकच्या पुलीच्या बोल्टाला पाना लावून हातानं दोन पूर्ण फेरे दे. फिरलं, कुठं घासतंय अडतंय असं वाटलं नाही, तर जीव आहे. जॅम असेल तर प्रश्नच मिटला, त्याचं पुढं सांगतो. तिसरं, ग्लो प्लग, म्हणजे डिझेल इंजिन तापवायच्या कांड्या, काढून चारही सिलेंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजून घ्या. शेजारशेजारच्या दोनच सिलेंडरचं पडलेलं असेल तर बहुतेक त्या दोघांमधलं गॅस्केट फुटलंय, म्हणजे वरचं काम. चारही ढिले असतील तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलेंडरच्या आतल्या भिंतीपर्यंत झळ गेलेली असू शकते, म्हणजे खालचं काम, म्हणजे हाफ इंजिन, आणि हाफ इंजिनचा खर्च या गाडीला परवडत नाही, मी लिहून देतो. या सगळ्याला एक सकाळ आणि हजार-दोन हजार रुपये लागतील. कॉम्प्रेशनचा गेज तुमच्या मिस्त्रीकडं नसेल तर अंबाजोगाई किंवा बीडहून डिझेलचं काम करणारा माणूस बोलवा, त्याला जाण्यायेण्याचं द्या, पण गाडी घरीच राहू द्या. एकदा ती दुसऱ्याच्या शेडमध्ये गेली की तुमचा "नाही" म्हणायचा आवाज निम्मा होतो.

तुमच्या पत्रात मला दोन गोष्टी खटकल्या. एक तर लाल काट्यावर अडीच किलोमीटर, ते पण चढाला, ते पण मे महिन्याच्या दुपारी. या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, आहे आणि हेड ॲल्युमिनियमचं, दोघं तापल्यावर सारखे फुगत नाहीत, ॲल्युमिनियम जास्त ताणतं, आणि मध्ये बिचारं गॅस्केट. लाल काटा दिसल्या दिसल्या गाडी कडेला लावली असती तर कदाचित नुसत्या पाइपवर किंवा रेडिएटरवर भागलं असतं. जाऊ द्या, झालं ते झालं, घाटात सहा माणसं घेऊन कोणाचं डोकं चालतंय.

दुसरी गोष्ट मात्र महत्त्वाची आहे आणि ती तुम्ही कौतुकानं लिहिलीय. दर रविवारी पाणी टाकतात म्हणे. भाऊ, गाडीचं कूलिंग बंद सिस्टीम असते, त्यात दर आठवड्याला पाणी टाकायची गरजच पडायला नको. पडायली म्हणजे ते कुठून तरी जायलाय, पाइपच्या जोडातून, वॉटर पंपातून, नाहीतर आधीच बारीक फुटलेल्या गॅस्केटमधून थेट सायलेन्सरनं. म्हणजे गाडी घाटात बिघडली नाही, ती चार-सहा महिन्यांपासून बिघडायली होती, घाटात फक्त बोलली. आणि पाणी कोणतं तर बोअरचं! आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं बादलीत पाणी तापवायच्या कॉइलवर वर्षभरात कसला पांढरा थर चढतो ते घरोघरी माहीत आहे, तोच थर रेडिएटरच्या काडीसारख्या नळ्यांमध्ये आणि हेडच्या आतल्या पाण्याच्या वाटांमध्ये चढतो. वरून बघितलं तर पाणी फुल, आतून वाट बंद. म्हणून तुम्ही म्हणता पाणी कमी नव्हतं, आणि ते खरं पण आहे.

याचा अर्थ असा की मिस्त्रीच्या ४८ हजारात रेडिएटर, थर्मोस्टॅट, रेडिएटरचं झाकण आणि फॅन बघणं धरलंय का ते आधी विचारा. झाकण म्हणजे उगी किरकोळ वाटतं, पण तेच आतलं प्रेशर धरून ठेवतं म्हणून कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, १०० डिग्रीच्या बरंच वर गेलं तरी उकळत नाही, त्याचं रबर गेलं की घाटात कढलंच. नुसतं गॅस्केट टाकून, हेड घासून दिलं आणि रेडिएटर तोच ठेवला तर पुढच्या मे महिन्यात तुम्ही मला हेच पत्र पुन्हा लिहाल. टायमिंग चेन किट बदललंय का कधी? १ लाख ८५ हजारावर हेड निघणारच असेल तर चेन, टेन्शनर त्याच वेळी करून घ्या, वेगळी मजुरी फारशी पडत नाही. हेडचे बोल्ट नवीन. जुने बोल्ट ताणलेले असतात, ते परत वापरून पैसे वाचवणारा मिस्त्री तुमचे पैसे वाचवत नाही.

आता १५ वर्षांचं. शेजाऱ्यांना सांगा की टीव्हीवर बघितलं ते दिल्लीचं होतं. १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली ती दिल्ली आणि आजूबाजूच्या पट्ट्यात, हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशानं, त्यावर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं शिक्का मारला. आपल्याकडं प्रायव्हेट गाडीचं आरसी १५ वर्षांनी संपतं, गाडी संपत नाही. गाडी आरटीओत नेऊन दाखवायची, फिट असेल तर पाच वर्षं वाढवून मिळतात, पुढं परत पाच. त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून कारला ५ हजार आहे, आधी ६०० होती, त्यावर पर्यावरण कर वेगळा. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत अर्ज करता येतो, मुदत उलटली की दर महिन्याला ५०० रुपये दंड चढत जातो. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी, नंबर प्लेट बसवलेली नसेल तर आधी ती, नाहीतर आरटीओतली कामं अडतात. तुमचा जुलै म्हणजे वेळ आहे पण भरपूर नाही, आणि बंद गाडीचं पासिंग, म्हणजे आरटीओची ही तपासणी, होत नाही हे एजंटाला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. तो रोख रोख करून घाई का करायलाय ते यातच आलं. जुलै उलटला की तो ६५ पण देणार नाही.

यावरून आणखी एक, कारण हे कोणीतरी तुम्हाला सुचवणारच. "दादा, हेडच्या भानगडीत कशाला पडता, जुनं इंजिन मिळतंय, ते बसवून देतो." पासिंगला चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीवरच्याशी जुळवून बघतात. इंजिन बदललं की त्याची आरटीओत नोंद करावी लागते, आणि त्यासाठी त्या इंजिनाचं बिल, कोणत्या गाडीतून निघालं त्याचे कागद लागतात. भंगार लाइनीतून आणलेल्या इंजिनाला कागद कुठला, आणि ते चोरीच्या गाडीतलं निघालं तर? नको. पासिंग तोंडावर असताना तर अजिबातच नको.

इन्शुरन्सचं तुम्ही विचारलं नाही पण मनात असेल म्हणून सांगतो, इंजिन गरम होऊन गेलं ते मेकॅनिकल बिघाडात येतं, साध्या फुल इन्शुरन्समध्ये पण त्याचा क्लेम बसत नाही.

मेहुण्याचे दीड लाख. मला हसू आलं, कारण माझ्या चुलतभावानं हेच केलं होतं. इंडिका होती, डिझेल, २०१६ ची गोष्ट. चिंचेखाली उभी करून दोघांनी दिवाळीच्या सुट्टीत खोलायला घेतली. पहिल्या आठ दिवसांत बॅटरी गेली, चार टायर गेले, अल्टरनेटर आणि स्टार्टर गेला, भाऊ एकदम खूश, वहीत लिहून ठेवायचा. मग एक दरवाजा गेला, ड्रायव्हरच्या बाजूचा. मग काहीच नाही. इंजिन उतरवायला चेनपुली भाड्यानं आणावी लागली, उतरवल्यावर ते ओसरीत ठेवलं, त्याखाली ऑइलचा डाग पडला तो भावाची बायको अजून दाखवते. गिअरबॉक्स एका मिस्त्रीनं नेला, पैसे पुढच्या महिन्यात देतो म्हणून, तो महिना अजून यायचाय. वर्षभरानं सांगाडा उरला, मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची आणि लेकरं ती गोळा करायची, तेवढं उत्पन्न मात्र नियमित होतं. सगळं मिळून ४१ हजार आले. दीड लाख येतात, नाही असं नाही, पण ते ज्याच्याकडं तसल्या चाळीस गाड्या उभ्या आहेत, ज्याला चार जिल्ह्यांतले मिस्त्री फोन करून विचारतात की डाव्या बाजूचा हेडलाइट आहे का, त्याला. आपल्याला गिऱ्हाईक शोधत फिरावं लागतं, त्याच्याकडं गिऱ्हाईक चालत येतं.

आणि पार्ट विकले तरी कागद संपत नाहीत. गाडी कायमची मोडीत काढली तर आरसी रद्द करायला १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५५. चेसिस नंबरचा पत्रा कापून जमा करावा लागतो. चुलतभावानं हे काही केलं नव्हतं, पुढं एक जण नुसता चेसिस नंबरचा तुकडा आणि आरसी मागायला आला होता, पाच हजार देतो म्हणाला. कशाला लागतो तो तुकडा? चोरीच्या गाडीवर ठोकायला. नशीब की भावानं मला विचारलं.

भंगाराचं थोडक्यात. गाडीचं वजन टनाच्या आसपास, २७ रुपयांनी २८-२९ हजार झाले, तेही तो काटा मारणार नाही असं धरून. आपल्याकडचं बरंचसं लोखंड फिरून जालन्याच्या भट्ट्यांत जातं आणि सळई होऊन परत येतं, तुमच्या मेहुण्याच्या स्लॅबमध्ये कुणाची तरी फियाट असेल. काढायचीच वेळ आली तर गल्लीतल्या भंगारवाल्याला न देता सरकारमान्य स्क्रॅपिंग सेंटरला द्या, २०२१ च्या नियमानं ती सुरू झालीत. तिथून जमा केल्याचं सर्टिफिकेट मिळतं, त्यावर नवीन प्रायव्हेट गाडी घेताना रोड टॅक्समध्ये सवलत मिळते, केंद्राच्या नियमात २५ टक्क्यांपर्यंत म्हटलंय. नवीन घ्यायचीच नसेल तर मग ते सर्टिफिकेट तुमच्या स्वतःच्या फार कामाचं नाही, पण ते दुसऱ्याला विकता येतं.

एजंटाकडं वळू. ६५ हजार भाव वाईट नाही, खरं सांगतो, बंद गाडीला ठीक आहे. मला भीती त्याच्या भावाची नाही, "सही करून द्या बाकी मी बघतो" या वाक्याची आहे, आणि ते तो म्हणणारच. मी २०१४ ला माझी ओम्नी अशीच एका एजंटाला दिली, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या करून, पेढे पण खाल्ले. दोन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यातून कोर्टाची नोटीस आली, ओम्नीनं एका मोटारसायकलवाल्याला उडवलं होतं, इन्शुरन्स संपलेला, आणि कागदावर मालक मी. चालवणारा मला माहीत नाही, विकत घेणारा मला माहीत नाही, एजंटाचा फोन बंद. तीन वर्षं तारखांना गेलो, पेन्शनीतून वकील. पुढं २०१८ ला सुप्रीम कोर्टानं तर स्पष्टच सांगितलं की आरसीवर ज्याचं नाव आहे तोच मालक, मधले किती हात बदलले ते अपघातात नुकसानभरपाई मागणाऱ्यानं शोधत बसायचं नाही. म्हणून विकली तर घेणाऱ्याचं नाव घालून फॉर्म भरा, कोरा कागद नाही. गाडी ताब्यात दिल्याची तारीख आणि वेळ स्टँप पेपरवर, त्याच्या आधारची झेरॉक्स. १४ दिवसांच्या आत आरटीओला तुमच्याकडून कळवा. मोबाईलवर आलेला ओटीपी फोनवर कोणालाही वाचून दाखवायचा नाही, तुम्ही समोर बसलेले असाल तरच. पैशातले १० हजार आरसी ट्रान्सफर झाल्यावर घेतो म्हणा, म्हणजे त्यालाच घाई राहील, आणि यावर तो कुरकुर करायला लागला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

आता तुम्ही म्हणाल काका, सगळं सांगितलं पण करू काय ते सांगा.

मी तुमच्या जागी असतो तर दुरुस्त केली असती, पण अटीवर. हिशोब असा धरला. चालू गाडी १ लाख ६०, बंद गाडी ६५, मधलं अंतर ९५ हजार. त्यातून पासिंग, कर, नंबर प्लेट, थोडंफार डागडुजी, याला १५ काढा. उरले ८०. त्यातले २० हजार अडीअडचणीला बाजूला, कारण इंजिन उघडल्यावर अडचण निघत नाही असं मी पाहिलेलं नाही. राहिले ६०. कागदावर ६० लिहा, खाली तुमची आणि वहिनींची दोघांची सही, आणि तो कागद फ्रिजवर लावा. मी चेष्टा करत नाही. वहिनींचं म्हणणं चुकीचं नाही, त्यांना गाडीचा राग नाही, दर महिन्याला नवा खर्च निघतो त्याचा आहे, त्यांना आकडा ठरलेला दिसला तर त्या पण शांत होतील.

मग पहिली पायरी वर सांगितलेली, न उघडता तपासणी. क्रँक फिरत नाही किंवा चारही सिलेंडर ढिले, तर तिथंच थांबा, बंद गाडी म्हणून विका, आणि काय झालंय ते घेणाऱ्याला खरं सांगा, टोचन करून आणली, लालवर चालवली. खरं सांगितल्यानं पाच हजार कमी येतील पण नंतर दारात भांडण येणार नाही. तपासणी बरी निघाली तर हेड काढू द्या, पण हेड निघाल्यावर लगेच फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, नाही पाठवायचं. आधी लेथवाल्याकडं जाऊन स्वतःच्या डोळ्यानं दोन गोष्टी बघा. स्टीलची सरळ पट्टी हेडवर आडवी, उभी, तिरपी ठेवून खालून फीलर गेजची पाती सरकवतात, मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी फट जरी मधे निघाली तरी हेड वाकलंय. थोडं असेल तर घासून सरळ होतं, पण डिझेलच्या हेडला हवं तेवढं घासून चालत नाही, व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधलं अंतर कमी होतं, लेथवाला "दोन कट मारतो" म्हणाला तर किती ते विचारा. दुसरं प्रेशर टेस्ट. पाण्याची सगळी भोकं बंद करून हेडमध्ये हवा भरतात आणि पाण्यात बुडवतात, सायकलचं पंक्चर काढतात ना अगदी तसं. बुडबुडा आला म्हणजे हेडला तडा आहे. मग आधी फेसिंगवर घातलेले पैसे पाण्यात, म्हणून टेस्ट आधी, घासणं नंतर. तडा निघाला तर दुसऱ्या हेडचा भाव घ्या, फ्रिजवरचा कागद बघा, ६० च्या वर जात असेल तर विका. उघडी गाडी विकावी लागेल, भाव कमी येईल, पण ती जोखीम आपण समजून घेतलेली आहे, अडकून नाही.

मिस्त्रीला सगळे पैसे एकदम नको, सामानाची बिलं तुमच्या नावानं, आणि जुने पार्ट गोणीत भरून परत मागा. त्याला राग येईल. येऊ द्या.

दुरुस्तीच्या बाजूनं मी का, तर १ लाख ६० मध्ये तुम्ही दुसरी जुनी गाडी आणाल ती कोणी लालवर किती किलोमीटर ओढलीय ते तुम्हाला कोण सांगणार. या गाडीचा इतिहास सात-आठ वर्षांचा तुमच्या डोळ्यासमोर आहे. गाडी नकोच, भाड्यानं न्यावी, असं पण एक गणित होतं, ते मी मांडून बघितलं. महिन्याला अंबाजोगाईच्या दोन खेपा, लगीनसराई, एखादं तुळजापूर, एवढ्याला भाड्याची गाडी स्वस्तच पडेल. पण आईंना रात्री दोनला न्यायची वेळ आली तर त्या वेळी कोण फोन उचलतो ते आठवून बघा. तुमच्या गल्लीत असा एक जरी भरवशाचा गाडीवाला असेल तर मात्र माझं मत बदलेल आणि मी वहिनींच्या पक्षात जाईन.

आणि बाबांचं. त्यांना अजून माहीत नसणार की त्यांच्या रविवारच्या पाण्यानं हे झालंय, पण त्यांना शंका आलेली आहे, म्हणून ते बोलत नाहीत आणि पुसतात. त्यांना तुमच्या तोंडून "तुमच्यामुळं झालं" हे ऐकू येऊ देऊ नका, मिस्त्रीच्या तोंडून तर मुळीच नको. रेडिएटर निघाला की त्यांना गॅरेजवर सोबत न्या, खालची टाकी कापल्यावर आत काय साचलंय ते त्यांना बघू द्या, शिक्षक असोत नाहीतर कारकून, फंडाच्या पैशाची गाडी घेणारा माणूस ते बघून स्वतःच समजतो. मग नवीन कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरचा कॅन त्यांच्याच हातात द्या, बोनेटखालच्या कूलंटच्या बाटलीवर किमान आणि कमाल अशा दोन रेघा असतात त्या दाखवा, आणि सांगा की आता रविवारी टाकायचं नाही, फक्त बघायचं, आणि रेघेच्या खाली गेलं तर त्याच दिवशी मला सांगायचं.